काट्यावरचे तीन मिनिटांचे डाव

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून आहे. वय ३८. बुद्धिबळ लहानपणी आजोबांकडून शिकलो, तेही देशी पद्धतीचे. दोन वर्षांपासून मोबाईलवर खेळतो आहे. हंगामात दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळेल तेव्हा आणि रात्री घरी, बहुतेक तीन मिनिटांचे डाव. रेटिंग ८६० ते ९३० यांच्या मध्येच फिरते. व्हिडिओ पाहून इटालियन ओपनिंग पाठ केली, तरी फरक नाही. समोरचे लोक मशीन वापरत असावेत असा कधीकधी संशय येतो. एका जाहिरातीत सहा हजारांचा कोर्स पाहिला, तो घ्यावा का? की आता माझे वयच निघून गेले? सहावीतला भाचा मला हरवू लागला आहे. सौ. म्हणते, 'हारून हारून कायले खेळता जी?' आणि मला उत्तर सुचत नाही. हरलेल्या किंवा हातातून निसटलेल्या सहा डावांच्या चाली सोबत पाठवतो."

— काटेवाला, हिंगणघाट तालुका

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, परंतु सोबतचे सहाही डाव मी पटावर मांडून पाहिले तेव्हा त्यांतल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडले. म्हणून आधी डावांविषयी लिहितो; वय, कोर्स आणि भाचा यांच्याकडे नंतर वळतो.

या सहांपैकी तीन डावांत आपण पंचविसाव्या चालीच्या आत एखादा घोडा, उंट किंवा हत्ती गमावला आहे, आणि तोही समोरच्याच्या एखाद्या खोल डावपेचामुळे नव्हे, तर तो सरळ मारला जाऊ शकतो हे न पाहिल्यामुळे. चौथ्या डावात समोर टाकलेले एक प्यादे उचलून आपण सापळ्यात अडकलात. पाचव्यात आपल्याजवळ राजा आणि वजीर होता, समोर एकटा राजा होता, आणि तरीही जिच होऊन, म्हणजे समोरच्या राजाला शह नसताना त्याला एकही चाल न उरल्यामुळे, डाव बरोबरीत सुटला. सहाव्यात आपण एका हत्तीने पुढे होता आणि नेटवर्क गेले. यांपैकी एकाही डावाचा निकाल ओपनिंगने, म्हणजे सुरुवातीच्या चालींनी, लावलेला नाही. समोरच्याने मशीनची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामची, मदत घेतली असावी असेही कोठे वाटत नाही. पहिल्या डावात तर त्याने आपल्याला दोनदा फुकटचा उंट देऊ केला होता आणि तो आपल्याला दिसला नाही. मशीन असे उंट वाटत नाही. तरीही एखाद्या डावाचा खरोखर संशय आला तर तक्रारीचे बटण दाबावे आणि विषय सोडून द्यावा. संकेतस्थळांची तपासणी त्यांच्या परीने चालू असते, आणि लबाडी सिद्ध झाली तर गेलेले गुण परतही मिळतात.

चौथ्या डावापाशी जरा थांबतो, कारण आपल्या खेळातली मुख्य उणीव त्यात अगदी स्वच्छ दिसते. आपण पांढऱ्याने राजापुढचे प्यादे ई-४ वर नेले (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्यांना १ ते ८ अशी नावे असतात), समोरच्याने ई-५ केले. आपला घोडा एफ-३ वर आला, त्याचा सी-६ वर. आपण उंट सी-४ वर ठेवला. येथपर्यंत आपली पाठ केलेली इटालियन व्यवस्थित चालली होती. तिसऱ्या चालीला त्याने एकदा चाललेला घोडाच पुन्हा उचलला आणि तो डी-४ वर आणून ठेवला. ही चाल पुस्तकाच्या दृष्टीने कमकुवतच आहे, कारण एकच मोहरा दोनदा चालवून त्याने वेळ दवडला आहे आणि ई-५ वरचे प्यादे उघडे टाकले आहे. आपण ते प्यादे घोड्याने लगेच मारले. त्याने वजीर जी-५ वर आणला. आता त्याच्या वजिराची नजर आपल्या घोड्यावर आहे आणि जी-२ वरच्या प्याद्यावरही आहे; पण आपल्याला दिसले ते एफ-७, कारण तेथे गेलेला घोडा वजीर आणि हत्ती या दोघांवर एकदम हल्ला करतो. आपण तो नेला. त्याने वजिराने जी-२ मारले, आपण हत्ती वाचवण्यासाठी एफ-१ वर सरकवला, त्याने वजिराने ई-४ वरचे प्यादे मारून शह दिला, आपण उंट ई-२ वर आणून मध्ये घातला, आणि त्याच्या त्याच घोड्याने डी-४ वरून एफ-३ वर येऊन मात केली. उंट वजिराच्या रेषेत जखडलेला असल्यामुळे तो घोड्याला मारू शकत नव्हता, आणि आपल्या राजाला आपल्याच मोहऱ्यांनी चारही बाजूंनी कोंडले होते.

हा सापळा जुना आहे आणि तो पाठ करून ठेवण्याचे काही कारण नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या तिसऱ्या चालीनंतर घड्याळात आपल्याजवळ अडीच मिनिटांहून अधिक वेळ शिल्लक होता आणि आपण प्यादे मारण्यासाठी दोन सेकंद घेतले. चाल विचित्र होती, पण ती का केली असावी हा प्रश्न आपण विचारला नाही. तो विचारला असता तर फुकटच्या प्याद्याला हात न लावता आपल्या घोड्याने डी-४ वरचा घोडा मारणे, किंवा नुसता किल्लेकोट करणे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेला सुरक्षित नेणे), यांपैकी एखादी साधी चाल पुरेशी आहे आणि डाव आपल्या बाजूला झुकतो, हे आपल्यालाही दिसले असते. आपण काट्यावर बसता. भरलेली गाडी चढल्यावर आकडा हलायचा थांबेपर्यंत आपण कधी पावती फाडत नाही, मग मागे कितीही मेटॅडोर उभे असोत आणि ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवो. पटावर मात आकडा हलत असतानाच आपण पावती फाडता.

म्हणून माझा मुख्य सल्ला एकच आहे: तीन मिनिटांचे डाव काही महिने पूर्णपणे बंद करावेत. ते वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याला त्यांची मजा घेता येते. आपल्या पातळीवर मात ते चुका पक्क्या करतात, कारण चाल करण्याआधी पाहण्याची सवय लागण्याइतका वेळच त्यांत नसतो, आणि मग जी सवय नाही ती मोठ्या डावातही येत नाही. त्यांच्याऐवजी प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद अशी वेळ निवडावी. चाळीस चालींचा असा डाव फार तर पाऊण तास चालतो. आठवड्यातून असे दोन, जमल्यास तीन डाव पुरेत. प्रत्येक चालीपूर्वी समोरच्याने आत्ता काय केले, त्यामुळे माझा कोणता मोहरा मारला जाऊ शकतो, आणि मी करणार आहे त्या चालीनंतर त्याच्याजवळ कोणते शह, कोणत्या मारामाऱ्या आणि कोणत्या धमक्या उरतात, एवढे क्रमाने पाहावे. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटेल आणि वेळही अपुरा पडेल. पहिले काही डाव त्यामुळे आपण वेळ संपून हरलात तरी हरकत नाही.

आता आपण म्हणाल की हंगामात पाऊण तास आणायचा कोठून. कापूस यायला लागला की दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने जिनिंगच्या आवारात रात्री उशिरापर्यंत गाड्या लागलेल्या असतात हे मला ठाऊक आहे. आणि खरे तर दोन गाड्यांच्या मध्ये डाव लावणे हेच मुळात अयोग्य आहे. नोकरीच्या शिस्तीचा प्रश्न तर आहेच, पण खेळाच्या दृष्टीनेही एक डोळा आवारातल्या गाडीवर आणि एक घड्याळावर ठेवून खेळलेल्या डावातून काही शिकता येत नाही. त्या वेळात कोडी सोडवावीत. कोडे अर्धवट टाकून उठता येते, त्याला घड्याळ नसते आणि गाडी गेल्यावर ते तेथेच सापडते. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या मोबाईल ॲपमध्ये तर नेटवर्क नसतानाही आधी उतरवून ठेवलेली कोडी सोडवता येतात. मोठा डाव सुट्टीच्या दिवशी सकाळी, किंवा हंगाम उतरल्यावर खेळावा. याशिवाय पत्रव्यवहारासारखा खेळही असतो, ज्यात एका चालीला एक ते अनेक दिवस मिळतात. नेटवर्क जाणे, लाईन जाणे, मध्येच कोणी बोलावणे या सगळ्यांशी त्याचे काही बिघडत नाही, आणि विचार करण्याची सवय लावायला तर त्याच्यासारखा दुसरा प्रकार नाही. त्यात ओपनिंगची पुस्तके किंवा चालींचे संग्रह पाहण्याची मुभा असते. मशीनला विचारण्याची मात्र नसते. आपला सहावा डाव ज्या कारणाने गेला त्यावर खेळात इलाज नाही. जलद डावात घड्याळ नेटवर्कची वाट पाहत नाही, तेव्हा जेथे एकच रेघ दिसते तेथे डाव लावू नये, एवढेच.

मोठा डाव खेळल्यावर, जिंकलात तरी आणि हरलात तरी, तो एकदा पुन्हा पाहावा. आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण डाव संपताच विश्लेषणाचे बटण दाबतात, मशीन लाल-पिवळ्या खुणा करते, अचूकतेचे टक्के दाखवते, आणि खेळाडू 'अरे, हो' म्हणून पुढच्या डावाकडे वळतो. अचूकतेच्या टक्क्यांकडे तर आपण पाहूच नये. समोरचा सोपे खेळला की ते वाढतात आणि डाव गुंतागुंतीचा झाला की कमी होतात, त्यातून आपल्या खेळाविषयी फारसे कळत नाही. त्याऐवजी आधी मशीनशिवाय डाव पाहावा, आणि आपल्या मते डाव कोठे फिरला, त्या वेळी आपण काय विचार करत होतो, हे एका वहीत दोन ओळींत लिहावे. मग मशीनला विचारावे. आपण दाखवलेली जागा आणि मशीनने दाखवलेली जागा वेगळी निघाली तर तेच त्या दिवसाचे शिकणे समजावे. कारणही मोकळेपणाने लिहावे. 'उंट दिसला नाही', 'समोरच्याची चाल पाहिलीच नाही', 'जिंकतच आहे असे वाटून घाई केली', 'वेळ संपली' अशा साध्या शब्दांत लिहिले की काही आठवड्यांनी वही चाळताना एकच वाक्य वारंवार दिसू लागते, आणि आपला अभ्यास कशाचा करायचा हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. लीचेसवर याला पूरक अशी एक सोय आहे: विश्लेषण झाल्यावर आपल्याच चुकांच्या जागा कोड्यांप्रमाणे पुन्हा समोर ठेवल्या जातात आणि योग्य चाल आपल्याला शोधावी लागते. ती जरूर वापरावी, पण वही लिहून झाल्यावर.

कोड्यांबाबत एक सूचना कडकपणे करतो. अवघड कोडी टाळावीत. आपल्या वयाच्या शिकणाऱ्याला कठीण कोड्यावर वीस मिनिटे डोके लढवण्यात पुरुषार्थ वाटतो, आणि मग कंटाळून तो अंदाजे चाल करतो. आपल्याला आवश्यक आहेत ती सोपी कोडी, तीही पुष्कळ, आणि तीच तीच पुन्हा. यामागे कारण आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना खऱ्या डावातली मांडणी सुमारे पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली, तेव्हा निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरे बरोबर मांडले. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले तेव्हा निष्णाताचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात दांडगी होती असे नाही. खऱ्या डावांत वारंवार येणाऱ्या रचना त्याच्या ओळखीच्या झालेल्या होत्या. आपल्याला घोड्याचा दुहेरी हल्ला, जखडलेला मोहरा, शेवटच्या ओळीत कोंडलेल्या राजावर हत्तीची मात, या रचना अशाच नजरेत भरवायच्या आहेत. आठवडाभर एकच विषय घ्यावा, कोड्यांची पातळी सोपी ठेवावी, आणि पूर्ण उत्तर मनात दिसल्याशिवाय पडद्याला बोट लावू नये. चुकलेले कोडे दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

आपण देशी पद्धतीने शिकलात हे वाचून मला आनंद झाला, पण त्याची एक खूण आपल्या डावांत उरली आहे तीही सांगायला हवी. देशी खेळात ठिकठिकाणी नियमांचा थोडाफार फरक असे, तरी सर्वसाधारणपणे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, किल्लेकोट नसे, आणि राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येत असे. त्यामुळे डाव संथपणे उघडे आणि राजा मधोमध बराच काळ निर्धास्त बसे. आपल्या सहा डावांपैकी चारांत आपण किल्लेकोट केलेला नाही, आणि त्यांतल्या दोघांत तो करण्याची संधी पाच-सहा चाली उपलब्ध होती. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादी दोन घरे उडून मध्यभाग लवकर उघडतो, म्हणून तेथे मध्ये थांबलेला राजा फार काळ टिकत नाही. दहाव्या चालीच्या आत किल्लेकोट हा नियम काही महिने डोळे झाकून पाळावा. ओपनिंगबद्दल आपल्याला यापेक्षा अधिक सांगण्याची मला गरज वाटत नाही: मध्यभागी प्यादे, घोडे आणि उंट बाहेर, एकच मोहरा कारणाशिवाय दोनदा नाही, वजीर लवकर बाहेर नाही, आणि किल्लेकोट. इटालियन खेळत आहात ती चांगलीच आहे, ती बदलू नये. दोन घरे उडालेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारण्याचा नियमही देशी खेळात नसल्यामुळे तो आपल्याला अनपेक्षित वाटतो हे दुसऱ्या डावात दिसले. तो ॲपचा दोष नाही.

डावाच्या शेवटाकडे मात्र आपले पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा ही मात न येणे म्हणजे आधीच्या चाळीस चालींची मेहनत पाण्यात घालणे होय. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर ठेवत त्याला कडेकडे रेटत न्यावे. तो कोपऱ्यात शिरला की मात्र ही युक्ती तेथेच थांबवावी, कारण कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या अंतरावर ठेवलेला वजीरच जिच करतो, आणि आपल्या पाचव्या डावात नेमके तेच घडले. कोपऱ्यात त्याला सरकायला दोन घरे मोकळी ठेवून आपला राजा जवळ आणावा आणि मग मात करावी. एकट्या हत्तीची मातही अशीच बसवून घ्यावी. त्यानंतर राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा हा शेवट शिकावा. आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला तर चाल कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतो. कडेच्या प्याद्यांना हे लागू नाही. एवढे माहीत असले की मधल्या डावात मोहरे मारामारी करून कमी करावेत की करू नयेत याचा निर्णयही सोपा होतो.

रेटिंगविषयी. दोन तुल्यबळ खेळाडूंच्या डावात साधारण आठेक गुण इकडचे तिकडे होतात, म्हणजे ८६० ते ९३० हे अंतर आठ-नऊ डावांच्या चढउताराचे आहे. ती प्रगतीही नाही आणि अधोगतीही नाही. अर्पाद एलो यांच्या ज्या पद्धतीवर ही गणिते उभी आहेत, आणि जी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली, तिच्यानुसार समोरचा आपल्यापेक्षा १०० गुणांनी वर असला तरी दीर्घकाळात तो शंभर डावांतल्या शंभर गुणांपैकी (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) सुमारे ६४ गुणच मिळवतो. उरलेले ३६ आपलेच असतात. अगदी तुल्यबळ खेळाडूंशी खेळताना, बरोबरीचे डाव वगळले तर, शंभर डावांत कोठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के निघते. तेव्हा पाच डाव सलग गेले म्हणून आपल्यात काही बिघडले आहे असे समजू नये. शिवाय एका ठिकाणचे रेटिंग दुसरीकडच्या रेटिंगशी ताडून पाहू नये. लीचेसवर नवे खाते १५०० पासून सुरू होते, म्हणून तेथला आकडा मोठा दिसतो. आपण तो महिन्यातून एकदा पाहावा.

सहा हजारांचा कोर्स घेऊ नये. ज्यांनी तो तयार केला ते अप्रामाणिक आहेत असे नाही, परंतु आपल्याला सध्या जे हवे ते विकत घेण्याची वस्तूच नाही. लीचेस हे संकेतस्थळ २०१० साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. ते देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नाहीत, आणि कोडी, विश्लेषण व शेवटच्या डावांचा सराव हे सगळे तेथे विनामूल्य आहे. चेस डॉट कॉमवरही खेळता येते, पण तेथे मोफत खात्यावर कोडी आणि विश्लेषण यांना मर्यादा असतात. खर्च करायचाच असेल तर एक चांगला पट, जड बुडाचे मोहरे आणि एक घड्याळ घ्यावे. हे सगळे मिळून त्या रकमेत पुष्कळ शिल्लक राहील.

वय निघून गेले का, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. आपल्याच नागपूरच्या रौनक साधवानीला तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळाला; दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्या वाटेवर चालायला लहानपणीच निघावे लागते आणि ती वेळ आपल्याकडून गेली आहे. पण आपण विचारता आहात ते ९०० वरून पुढे सरकण्याविषयी, आणि तेथे अडथळा वयाचा नसून मोहरे फुकट देण्याचा आहे. ती सवय अडतिसाव्या वर्षीही मोडते. लहान मुलापेक्षा वेळ जास्त लागतो. मात्र मोठ्या माणसाजवळ आपली चूक वहीत लिहून ती मान्य करण्याची तयारी असते, जी सहावीतल्या मुलाजवळ सहसा नसते.

वहिनींचा प्रश्न मला रास्त वाटला. त्यांचा आक्षेप खेळाला असावा असे मला वाटत नाही. हरल्यावर रात्री बाराला 'आणखी एक' म्हणून चालू राहणाऱ्या डावांना, आणि दुसऱ्या दिवशी त्या रागाने बसलेल्या माणसाला तो आहे. सलग दोन डाव हरले की त्या दिवशी खेळ बंद, आणि रात्री जेवणानंतर डाव मुळीच नाही, असे घरात सांगून टाकावे. सांगितलेले असले की पाळावे लागते. हरलेला डाव परत मिळवण्यासाठी लावलेला पुढचा डाव आपण सहसा पहिल्यापेक्षा वाईट खेळतो, हे आपल्या तिसऱ्या आणि पहिल्या डावांच्या वेळा पाहिल्या तरी कळेल. दोन्ही एकाच रात्रीचे आहेत, अकरा मिनिटांच्या अंतराने.

भाचा हरवतो यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट आठवड्यातून एकदा समोर बसून खेळायला तालुक्याच्या गावाला जावे न लागता घरातच माणूस मिळाला आहे. त्याच्याशी फोनवर खेळू नये, पटावर खेळावे, आणि डाव झाल्यावर दोघांनी मिळून तो मागे घेऊन पाहावा. तो आपल्याला डावपेच दाखवील. त्याच्या वयाची मुले सहसा टाळतात ते शेवटचे डाव आपण त्याला शिकवावेत, म्हणजे आपलेही पक्के होतील. पुढे नागपुरात किंवा वर्ध्याला एखादी खुली मानांकन स्पर्धा लागली की दोघांनीही नावे द्यावीत. १ मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० पेक्षा कमी रेटिंग दिले जात नाही, त्यामुळे पहिल्याच स्पर्धेत यादीत नाव येईल ही अपेक्षा ठेवू नये. जाण्यापूर्वी दोन गोष्टींचा घरी सराव असावा. मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येकाला आपल्या आणि समोरच्याच्या चाली कागदावर लिहाव्या लागतात, आणि फोनवर शिकलेल्याला घरांची नावे लिहिताना पहिल्या दिवशी फार वेळ लागतो. दुसरे असे की चालवण्याच्या हेतूने ज्या मोहऱ्याला हात लागला तो चालवावाच लागतो, आणि घड्याळाचे बटण ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबावे लागते. भाच्याशी खेळताना हे नियम आजपासूनच लावावेत, आणि त्यात मामा म्हणून स्वतःला सूट घेऊ नये.